भिंतीला टेकवलेला टीव्ही

नाही, ओरडू नका हो, ऐकू येतं मला. चांगलं ऐकू येतं. त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं असणार तुम्हाला — म्हातारी बहिरी आहे, दार जोरात वाजवा — तो सगळ्यांनाच सांगतो. दूधवाला ओरडतो, वीजमीटर बघायला येतो तो ओरडतो, आता तुम्हीही. बसा. पिशवी खाली ठेवा, टीव्हीच्या टेबलावर नको, ते एका पायाने डुगडुगतं. सुताराच्या घरातलं टेबल डुगडुगतंय, बघा म्हणजे झालं. तर काय म्हणत होतात — हो, मीच केला होता फोन. मी कुठे नाही म्हणतेय? तुमच्या ऑफिसातल्या त्या बाई म्हणाल्या, जुनी लाइन बंद होणार, ते अ‍ॅनालॉग का काय ते, ज्याला बघायचंय त्याने डबा बसवून घ्यायचा, नाहीतर पडद्यावर नुसत्या मुंग्या — आणि मी तिथल्या तिथे म्हटलं, आमच्याकडे पहिला लावा. मग एक दिवसाआड फोन करत होते. आला का डबा, आला का डबा. त्या बाई शेवटी कंटाळून म्हणाल्या, आजी, नंबर लागला की माणूस येईल, तुम्ही फोन ठेवा. आणि आता माणूस आला, डबा आला, आणि मी म्हणते नको. तुम्हाला राग येणार, साहजिक आहे. उन्हातून आलात. पाणी देऊ का?

काही झालं नाही. विचार बदलला. डोळ्यांना त्रास होतो, आणि या वयात नवीन काय बघायचं राहिलंय — नाही, ते स्वस्तातल्या योजनेचं नका सांगू, प्रश्न पैशाचा नाही. चित्र स्वच्छ दिसेल? दिसेल की. माझी मुलगीही हेच म्हणते, आई, माणसांच्या चेहऱ्यावरचे तीळ दिसतात. मला काय करायचेत लोकांचे तीळ. ती तर म्हणते केबलच काढून टाक, मी मोठा फोन पाठवते, त्यावर बघ, हातात धरून, पडल्या पडल्या. मी म्हटलं, फोनचा आवाज भिंतीतून जातो का? तर ती म्हणाली, भिंतीतून कशाला जायला हवा? आता तिला काय सांगणार. ती परगावी, तिच्या नोकरीत, तिच्या संसारात. तिला काही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. — अहो, थांबा थांबा. ती नका ओढू. इकडची काढायची तर काढा, पण ही दुसरी, त्या पितळी जोडातून निघून भिंतीत गेलेली, तिला हात लावू नका. कुठे जाते? पलीकडे जाते. हो, माहीत आहे मला, आता एका डब्यावर एकच टीव्ही चालणार, वायर फोडून दोन घरं बघणार नाहीत. पलीकडे कुणी बघतही नाही. तरी राहू द्या.

पलीकडे म्हणजे काय, हेच घर हो. हा सगळा एक लांबच्या लांब हॉल होता, त्या टोकापासून या टोकापर्यंत. भिंत मागून आली. वर बघा, तुळई कशी मध्येच भिंतीत शिरलीय. ह्यांचं आणि माझ्या धाकट्या दिरांचं, भावजींचं, एकत्र सुतारकामाचं दुकान होतं. हे रंधा मारायचे, भावजी पॉलिश करायचे — एकाने लाकूड गुळगुळीत करायचं, दुसऱ्याने चमकवायचं — लोक म्हणायचे, एकाच माणसाचे दोन हात आहेत. मग बाजारात ते तयार फळ्यांचं सामान आलं. भावजी म्हणाले आपणही तेच करू, यंत्र आणू. हे म्हणाले, भुसा दाबून केलेल्या फळीला मी हात लावणार नाही. झालं. एवढंच. आता सांगताना मलाच वाटतं, एवढंच? पण एका आईची दोन लेकरं, माघार घेणं दोघांच्याही रक्तात नाही. दुकान तुटलं, मग घर तुटलं. गवंडी आला. भिंत चार इंची घातली — का, तर आपल्या बाजूची जागा जायला नको, म्हणून दोघांनी मिळून बारीक भिंत ठरवली. त्यावर मात्र एकमत. म्हणून तर ऐकू येतं. पलीकडे कुणी कपबशी ठेवली तरी इथे कळतं.

केबल तेव्हा नुकतीच आली होती घरात. गवंडी वीट चढवत चढवत वायरीपाशी आला आणि विचारतो, हिचं काय करायचं? हे इकडे उभे, भावजी तिकडे उभे. कुणी बोलेना. बोललं तर एकमेकांशी बोलल्यासारखं होईल ना. गवंडी बिचारा थापी हातात घेऊन एकदा यांच्याकडे बघतोय, एकदा त्यांच्याकडे. मग मी म्हटलं, राहू द्या तिला. आणि नेमकं त्याच वेळी तिकडून धाकटी म्हणाली, राहू द्या तिला. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भावजींची बायको. आम्ही दोघी एकदमच बोललो, आणि ती हसली. ती कशावरही हसायची, वेळ बघायची नाही. गवंड्याने वायरीच्या मापाने वीट छाटली, बसवली. त्यानंतर मला ती हसताना ऐकू यायची, दिसायची नाही.

आमचं भांडण? कुणाचं, माझं आणि धाकटीचं? अहो, झालंच नाही. तेच तर. झालं असतं तर मिटवता आलं असतं. मी म्हटलं असतं तू असं म्हणालीस, ती म्हणाली असती तुम्ही तसं म्हणालात, दोघी रडलो असतो, संपलं असतं. पण मिटवणार काय? ह्यांनी सांगितलं, त्या घराशी बोलायचं नाही, भावजींनी तिला तेच सांगितलं असणार, आणि आम्ही नाही बोललो. नळावर भेटायचो, ती आपली बादली बाजूला घ्यायची, मी माझी लावायचे. तिचा मुलगा माझ्या मांडीवर वाढलेला — माझा पुतण्या — तोही रस्त्यात भेटला की पायाच्या अंगठ्याकडे बघत जायचा. आधी आठवडे झाले, मग वर्षं झाली. मग हे गेले. ती आली होती त्या दिवशी, दारात उभी होती बायकांच्या मागे, मी बघितलं तिच्याकडे, तिने बघितलं. आत ये म्हणायचं तर तेव्हा मला कुणालाच काही म्हणता येत नव्हतं. पुढे भावजी गेले, तेव्हा मीही तशीच त्यांच्या दारात उभी राहिले आणि परत आले. आता बोलू नका म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तरी नाही बोललो. असं होतं हो. तोंडाला गंज चढतो. रोज वाटतं उद्या, आणि उद्या वाटतं, एवढी वर्षं नाही बोललो आणि आज कुठल्या तोंडाने.

पण टीव्ही होता. एक वायर, दोन टीव्ही, आणि दोघी एकच मालिका बघायचो — कळायचं ना, तेच गाणं इकडून सुरू, तेच तिकडून, जरा मागेपुढे. ती हसली की मी बघायचे, यात हसण्यासारखं काय आहे, आणि मग मलाही हसू यायचं. आणि चित्र गेलं की — ते जायचंच सारखं, तुमची ती जुनी लाइन — चित्र गेलं की मी उठून भिंतीवर टकटक करायचे. म्हणजे, तुझंही गेलं का? ती तिकडून टकटक करायची. म्हणजे, हो, माझंही गेलं. मग मी तुमच्या ऑफिसला फोन करायचे, लाइन माझ्या नावावर ना. दुरुस्त झालं की परत टकटक. आलं का? आलं. हे बोलणं नव्हे. हे आपलं केबलचं काम. असं मी स्वतःला सांगायचे, ती तिला सांगत असेल.

चहा टाकू का? नको? बरं. — मग एकदा मी खिडकीत उभी होते आणि भंगारवाल्याची गाडी निघाली पलीकडच्या दारातून. गाडीवर तिचा टीव्ही. तो मोठ्या पोटाचा जुना, आणि त्यावर तिने विणलेलं आच्छादन तसंच. म्हटलं, नवा घेतला असेल. घेतला होता, पुतण्याने, चपटा, भिंतीवरचा — पण तो वरच्या खोलीत, त्यांच्या. नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर, संध्याकाळी येऊन वर बघणार. हिचे गुडघे गेलेले, जिना चढता येत नव्हता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो, तो तसा नाही. म्हणाला असेल, आई, वर ये बघायला, आणि ती म्हणाली असेल, येईन. ती कुणाला नाही म्हणायची नाही. मला वाटलं, संपलं. तिकडचा आवाजच बंद झाला ना. मी एकटीच बघत बसायचे. आणि एका दुपारी चित्र गेलं. सवयीने उठले, टकटक केलं, आणि करून झाल्यावर आठवलं, अगं, तिच्याकडे टीव्ही कुठाय आता. आणि तिकडून टकटक आलं. हो, माझंही गेलं.

मी तशीच उभी राहिले भिंतीपाशी, हात भिंतीवरच. म्हणजे ती बसलेली होती तिथे. माझ्या टीव्हीचं ऐकत. रोज बसत असणार.

तेव्हाच मी हे टेबल इकडे आणलं. आधी टीव्ही त्या समोरच्या भिंतीला होता, खिडकीशेजारी, चांगला. एकटीने ओढत ओढत आणला, तेव्हाच त्याचा पाय ढिला झाला. टीव्हीची पाठ भिंतीला टेकवली. तुम्ही आल्या आल्या म्हणालात ना, आजी, टीव्हीला मागे हवा लागते, एवढा भिंतीला चिकटवू नका — तुमचं बरोबर आहे. आवाज वाढवला. मग अजून वाढवला. वर भाड्याने राहणारे मास्तर भांडायला आले, त्यांच्या मुलीची परीक्षा होती. मी म्हटलं, काय करू मास्तर, ऐकू येत नाही हो. आता दुसरं काय सांगणार होते? मग गल्लीभर झालं, म्हातारीचे कान गेले. मुलीला कुणीतरी फोन करून सांगितलं, ती धावत आली, मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तो तपासतोय आणि मी खोटं बोलतेय — नाही ऐकू आलं, नाही ऐकू आलं. यंत्र दिलं. आहे त्या खणात. मुलगी आली की घालते. घातलं की तिचं चमच्याने साखर ढवळणंसुद्धा हातोड्यासारखं वाजतं डोक्यात. हसा तुम्ही, मीही हसते कधीकधी.

आणि नुसत्या आवाजाने भागतंय का? मालिकेत निम्मं तर न बोलताच चालतं. कुणीतरी दार उघडतं, कुणीतरी बघतं, वाजतं ते ढॅण ढॅण, आणि कळत नाही कोण आलं. म्हणून मी बोलायला लागले. तिच्याशी नाही, टीव्हीशी. अगं बाई, हा कशाला आला आता. बघा, चिठ्ठी फाडली तिने. रडतेय, पण पाठ फिरवून रडतेय, तिला दाखवायचं नाहीये. असं. एकट्या बायका बोलतातच टीव्हीशी, त्यात काय. फक्त मी जरा मोठ्याने बोलायचे, भिंतीकडे तोंड करून. आणि कधी एखादी गोष्ट सांगायची राहिली तर तिकडून टकटक यायची. म्हणजे, कोण आलं? मग मी म्हणायचे — टीव्हीलाच — अरे, हा तर तिचा मामा. ती मालिका म्हणजे, एक बाई असते, तिची गाड्या थांबतात तिथे खानावळ, आणि तिची मुलगी भांडून निघून गेलेली. कोण चुकलं, कोण बरोबर, ते कुणालाच नीट आठवत नाही आता, मालिकेत पण. तर ती मुलगी परत येते का नाही, यावर सगळं अडलेलं. ती बाई रोज संध्याकाळी एक ताट झाकून ठेवते. ते झाकलेलं ताट तर आवाजात कळतच नाही ना. ते मी सांगायचे रोज. ठेवलं बाई हिने ताट आजही.

तर अशात तुमच्या ऑफिसचं आलं, जुनी लाइन बंद होणार. मला धडकीच भरली. मी ऐकत राहीन हो काहीबाही, रेडिओ आहे, रस्ता आहे खिडकीत. पण ती? म्हणून ते फोन, आला का डबा, आला का डबा. कळलं ना आता. आणि त्या काळात चित्र फार जायला लागलं, तुमच्या माणसांची कामं चाललेली खांबावर. एक दिवस गेलं, मी टकटक केलं. काही नाही. म्हटलं, पडली असेल जरा. संध्याकाळी केलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी चित्र होतं, मी सांगायला लागले, मालिकेतल्या मुलीने तिकीट काढलं, गाडीत बसली — मुद्दाम अर्धंच सांगितलं, म्हटलं, विचारेल. नाही विचारलं. मग मला राग आला. खरं सांगते. असेल वरच्या खोलीत नेऊन बसवलेली, म्हटलं, चपट्या टीव्हीपुढे, आता कशाला लागेन मी. आणि मी टीव्ही बंद केला. रुसले. या वयात. चांगले कितीतरी दिवस बंद ठेवला. मास्तर वरून येऊन विचारून गेले, तब्येत बरी आहे ना.

मग पुतण्या आला. दारात उभा, त्याच्या अंगठ्याकडे बघत, पूर्वीसारखाच. म्हणाला, काकू. एवढ्या वर्षांनी काकू म्हणाला. म्हणाला, आईला दवाखान्यात ठेवलंय. मी म्हटलं, कधी? म्हणाला, झाले बरेच दिवस, सकाळी पडली न्हाणीघराजवळ, तशीच नेली, तुम्हाला सांगायचं सुचलं नाही. आता सुचलं नाही म्हणजे काय, आमच्यात बोलणं होतं कुठे की सुचेल. त्याला काय दोष द्यायचा. म्हणाला, काकू, आई सारखं एकच विचारते, ती मुलगी आली का. आम्हाला कळेना कुठली मुलगी. मग बायको म्हणाली, काकूंची मुलगी, तुमची ताई, लहानपणी आईच्या अंगाखांद्यावर असायची, तिच्याबद्दल विचारत असेल. तर ताई आली आहे का, येणार आहे का, एवढं विचारायला आलो. — मी उठले. म्हटलं, थांब, चप्पल घालते.

ती एवढीशी झाली होती. पांढऱ्या चादरीत. मी तिला इतक्या जवळून बघितलं नव्हतं, भिंत झाल्यापासून. केस पिकलेले मला माहीत होते, पण कपाळावर एक जखमेचा व्रण होता जुना, तो कधी झाला मला माहीत नव्हतं. पुतण्या बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. मी स्टुलावर बसले. आता काय बोलायचं? तुम्ही सांगा. एवढ्या वर्षांचं काय काय होतं माझ्याकडे. माझी चूक, तुझी चूक, ह्यांचं जाणं, नळावरची बादली — सगळं मनात लावून ठेवलेलं होतं मी, कधीतरी बोलायचं म्हणून. आणि तोंडातून निघालं काय, तर, मुलगी गाडीतून उतरली गं.

आजूबाजूला आजारी माणसं, म्हणून मी हळूच बोलले. ती डोळे मिटून होती. ओठ हलले. मी वाकले. आणि ती म्हणाली — अगदी स्पष्ट म्हणाली हो — आवाज वाढवा.

थांबा जरा. — नाही, काही नाही. पाणी इथेच आहे.

मग मी वाढवला आवाज. मोठ्याने सांगत बसले, घरात सांगायचे तशी. तिकडची नर्स बघायला लागली, एक म्हातारेबुवा शेजारच्या खाटेवर उठून बसले ऐकायला. आणि पंचाईत अशी की मला पुढचं माहीतच नव्हतं. मी रुसले होते ना, मी बघितलंच नव्हतं. मला गाडीत बसेपर्यंतच ठाऊक. उतरली, हेसुद्धा मीच ठोकून दिलेलं. पण ती विचारतेय ना, आली का. मग सांगत गेले. म्हटलं, उतरली, हातात एकच पिशवी, खानावळीच्या दारात आली आणि उभी राहिली, आत जाईना. आणि आई आतून बघतेय, तीही बाहेर येईना. दोघी तशाच. मग? — हे मग तिने विचारलं का मीच म्हटलं, मला आता सांगता येणार नाही. मग म्हटलं, आईने ताटावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, ये, गार होतंय. बस, एवढंच म्हणाली. कुठे होतीस नाही, का गेलीस नाही. आणि मुलगी आली आत. बसली. जेवली. धाकटीचा हात चादरीवर होता, मी तो धरला होता का आधीपासून, का तेव्हा धरला. हसली ती. डोळे मिटलेलेच, पण हसली, मी ओळखते ना तिचं हसणं. म्हणाली, बरं झालं. मी म्हटलं, हो, बरं झालं बाई. मग झोप लागली तिला. पुतण्या म्हणाला, काकू, चला सोडतो घरी. सकाळी तो परत आला दारात, आणि मला त्याने काही सांगायच्या आधीच कळलं.

नंतर एकदा सूनबाईने मला पलीकडे बोलावलं. मी गेले. धाकटीची खुर्ची भिंतीला लावलेली, अशी आडवी, म्हणजे कान भिंतीकडे येईल. आणि ती वायर — ही, तुम्ही ओढत होतात ती — तिचं पलीकडचं टोक तिने गुंडाळून, दोऱ्याने बांधून खिळ्याला टांगून ठेवलेलं. सून म्हणाली, आम्ही किती वेळा म्हटलं कापून टाकू, तर आई म्हणायच्या, राहू द्या, माझ्या टीव्हीची आहे. आम्हाला वाटायचं वय झालं, आता यांना टीव्ही गेल्याचंही आठवत नाही. मी म्हटलं, हो, वयात होतं तसं.

ते लोक जाणारेत आता. पुतण्याने दुसरीकडे जागा बघितलीय. मलाही म्हणाला, काकू, चला. बघू म्हटलं.

तर असं आहे. तुमचा डबा चांगलाच असणार, आणि चित्र स्वच्छ येणार, मला पटतंय सगळं. पण मी तो लावला, बटण दाबलं, आणि ती मालिका लागली, तर? लागणारच ना, मी दुसरं बघतेय कुठे. आणि ती मुलगी आलीच नसली तर? उतरलीच नाही, गाडी पुढे गेली, किंवा आली आणि भांडूनच परत गेली — त्या मालिकावाल्यांचा काय भरवसा, ते गोष्ट लांबवण्यासाठी काहीही करतात. मग मी तिला जे सांगितलं ते खोटं होईल. आत्ता नाहीये ते खोटं. आत्ता मी सांगितलं तेच झालेलं आहे, कारण पुढचं मी बघितलेलं नाही, आणि तीही नाही. आमच्या दोघींपुरतं ती मुलगी घरी आली आणि जेवली. आणि बरं झालं, लाइन तुम्हीच बंद करताय. मला स्वतःच्या हाताने बंद करायचं जिवावर आलं असतं. कुणी विचारलं तर म्हणेन, सगळ्या गावाचीच गेली.

बाकीचे चॅनेल? बातम्या? एकटीने काय बघायच्या बातम्या, त्या कुणाला सांगायच्या. — नाही, आग्रह नका करू. हो, ऑफिसात मी कळवते, तुमच्यावर काही येणार नाही. डबा घेऊन जा, कुणीतरी वाट बघत असेल त्याची, माझ्यासारखंच फोन करत असेल.

काय म्हणालात? तुमच्या घरी बघतात? तुमच्या आई बघतात — तीच, खानावळीची? रोज? अस्सं. म्हणजे तुम्हीही बघत असाल येता-जाता.

नको. नका सांगू. बोलू नका काही. आणि माझ्याकडे बघूही नका असे, माणसाच्या तोंडावरून कळतं. पिशवी घ्या. तिकडे दाराकडे तोंड करा आणि तसेच जा, वळू नका. हां, तसेच. दार मी लावते. तुम्ही जा.